मॅगेलनचा दुभाषी : दस्तऐवज आणि कादंबरी

सागरी शोधमोहिमांवरील ऐतिहासिक कादंबरी इतिहासाशी किती प्रामाणिक आहे, हा समीक्षेचा नेहमीचा प्रश्न. तथापि इतिहासानेच ज्यांची दखल ओझरती घेतली, त्यांच्याबाबत हा निकष अपुरा पडतो. हारून अमीनुर्रशीद यांची ‘पांगलिमा आवांग’ ही १९५०च्या दशकातील मलय कादंबरी याची साक्ष देते. मॅगेलनचा गुलाम व दुभाषी एन्रिके हा तिचा नायक.

एन्रिकेविषयीची साधने तुटपुंजी व परस्परविसंगत आहेत. १५१९च्या मृत्युपत्रात मॅगेलन त्याला मलाक्काचा रहिवासी म्हणतो आणि आपल्या मृत्यूनंतर तो मुक्त व्हावा, असे नमूद करतो. सहप्रवासी पिगाफेट्टा मात्र त्याला सुमात्राचा ठरवतो. २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलन मॅक्टन येथे मारला गेला. त्यानंतर दुआर्ते बार्बोसाने मुक्ती नाकारून धमकावल्याने एन्रिकेने सेबूच्या राजाशी संधान बांधले, असे पिगाफेट्टा लिहितो. १ मेच्या हत्याकांडानंतर त्याचे काय झाले, हे निर्विवादपणे सिद्ध होत नाही.

या मौनात कादंबरीकार एन्रिकेला मलय नाव आणि योद्ध्याचे पूर्वायुष्य बहाल करतो. ‘विश्वासघातकी गुलाम’ ही प्रतिमा त्यामुळे मोडते, हे कादंबरीचे यश. परंतु ते कल्पित नाव पुढे ऐतिहासिक म्हणून रूढ झाले. एका मौनाची जागा अशा वेळी दुसरी आख्यायिका घेते. वास्तविक, लेखी मिळालेली आणि प्रत्यक्षात नाकारलेली मुक्ती हे एन्रिकेच्या शोकांतिकेचे दस्तऐवजी सत्य आहे. त्याला वीरत्वाच्या आधाराची गरज नाही.