शरणपूरचा जेकब

नाशिकचा शरणपूर रस्ता कोणाला ठाऊक नाही? नांदगावाहून कोर्टकचेरीला, दवाखान्याला किंवा लग्नाच्या खरेदीला जिल्ह्याच्या गावी जाणारे आपण सारेच त्या रस्त्याने कधी ना कधी गेलो आहोत. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर. परंतु त्या शरणागतांमध्ये आफ्रिकेची मुले होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने ही वस्ती वसवली. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुले पुढे येथे आणून ठेवण्यात येऊ लागली. त्यांना अक्षरओळख, बायबल, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. याच शाळेतून १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी नऊ तरुण निवडले, आणि १८७२ साली त्याच्या मदतीला जी माणसे गेली त्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

हा जेकब आता एका कादंबरीचा नायक, किंवा अधिक नेमके सांगायचे तर अर्ध्या कादंबरीचा निवेदक झाला आहे. पेटिना गप्पा या झिम्बाब्वेच्या लेखिकेची 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' ही इंग्रजी कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लेखिका व्यवसायाने कायदेपंडित, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यात मुरलेली. हा तपशील मी मुद्दाम नोंदवीत आहे. कोण कोणाचे ओझे वाहतो आणि त्याचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो, हा प्रश्न या कादंबरीच्या मुळाशी आहे, आणि तो व्यापार जाणणाऱ्या माणसाला सुचावा असाच आहे.

कथा इतिहासातली आहे. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थनाविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. मग देह मीठ लावून उन्हात वाळवला, सालीत व कापडात गुंडाळला, आणि सुमारे दीड हजार मैल चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनारी बागामोयोला आणला. वाटेत आजार, उपासमार, भांडणे आणि मरणे झाली. हे ओझे त्यांनी का वाहिले? सांगणारा कोणी नव्हता. ज्याच्यासाठी वाहिले तो मेला होता. गप्पा बाईंनी या प्रश्नाभोवती कादंबरी रचली आहे.

पहिला भाग हलिमा या स्वयंपाकिणीच्या तोंडी आहे. हा भाग वाचताना मला वारंवार लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवली. तोच फटकळपणा, स्वतःवरच हसण्याची तीच तऱ्हा, मोठ्या माणसाच्या मोठेपणाकडे चुलीशी बसून पाहणारी तीच नजर. लिव्हिंग्स्टन हलिमाचा 'ब्वाना दाउदी' आहे. तिला त्याच्याविषयी माया आहे. पण नाईल नदीचा उगम शोधण्यापायी बायकामुले सोडून रानोमाळ भटकणाऱ्या गृहस्थाचे शहाणपण तिला पटत नाही. तिचे स्वप्न झांझिबारात स्वतःचे घर असावे एवढेच आहे. गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा हा माणूस अन्नपाण्यासाठी आणि औषधासाठी गुलामांच्या व्यापाऱ्यांवरच अवलंबून होता, हा कडू विरोधाभास लेखिकेने हलिमाच्या साध्या बोलण्यातून उलगडला आहे. कोठेही व्याख्यान नाही. मराठीत अनुवाद करणाऱ्याने तरी निदान हा भाग लक्ष्मीबाई समोर ठेवूनच करावा.

दुसरा भाग जेकबच्या रोजनिशीचा. येथे कादंबरीचा सूर बदलतो, आणि माझे लेखिकेशी मतभेदही येथूनच सुरू होतात.

कादंबरीतला जेकब 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' वाचून वाढलेला, धर्मगुरू होण्याची आस बाळगणारा, प्रत्येक प्रसंगावर प्रवचन देणारा तरुण आहे. सोबत्यांच्या अडाणीपणाची त्याला कीव येते. त्याची भाषा जड आणि अलंकृत आहे, आणि तिच्याआड त्याची स्वतःची वासना, मत्सर आणि भीती दडलेली असते. हे सोंग लेखिकेने कौशल्याने उभे केले आहे. बनियनच्या त्या पुस्तकाचा 'यात्रिक क्रमण' हा अनुवाद मराठीत १८४१ सालीच झाला होता, आणि बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'सारख्या आपल्या आरंभीच्या ख्रिस्ती गद्यातही उपदेशाचा हाच कल होता. त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकाला जेकबचा आवाज परका वाटत नाही. उलट तो आपल्या घरातलाच वाटतो, आणि म्हणून बोचतो. जुन्या मंडळींच्या पत्रांतून, मिशनच्या शाळेत शिकलेल्या पहिल्या पिढीच्या भाषणांतून हा आवाज आपण ऐकलेला आहे. गावकुसाबाहेरून शाळेत गेलेल्या मुलाला मिळालेली भाषा हीच त्याची पहिली मालमत्ता होती. ती तो अंगावर सणाच्या कपड्यांसारखी मिरवणारच.

लेखिकेची सहानुभूती मात्र येथे आखडती होते. मिशनमध्ये शिकलेला आफ्रिकी म्हणजे स्वतःच्या माणसांपासून तुटलेला ढोंगी, असा एक ठरीव साचा वसाहतोत्तर साहित्यात तयार झाला आहे, आणि जेकब बराचसा त्या साच्यात ओतलेला आहे. खऱ्या जेकबचीही रोजनिशी उपलब्ध आहे. ती १८७४ साली जर्मन भाषांतरात छापली गेली, आणि मूळ इंग्रजी हस्तलिखित २०१९ साली, म्हणजे या कादंबरीच्याच वर्षी, सर्वांसाठी खुले झाले. त्या नोंदी कोरड्या आहेत: कोठून निघालो, कोठे थांबलो, कोण आजारी पडले. प्रवचनाचा सोस तेथे दिसत नाही. झाडावर त्याने लिव्हिंग्स्टनच्या नावाबरोबर तांड्याच्या प्रमुखांची नावे कोरली. कोरणाऱ्याचे स्वतःचे नाव त्यांत नाही. कादंबरीकाराला इतिहास वाकवण्याची मुभा असते हे मला मान्य आहे. परंतु मुक्यांना वाचा देण्याचा संकल्प सोडून लिहिलेल्या पुस्तकात, त्या तांड्यातल्या ज्या एका माणसाची स्वतःची रोजनिशी मागे उरली त्याच्यावरच सर्वाधिक उपहास यावा, हे मला न्यायाचे वाटत नाही. शिवाय कादंबरीत नाशिकचे नाव पुष्कळदा येते, नाशिक मात्र फारसे येत नाही. गोदावरीचा काठ, ज्या मराठी मुलुखात ही पोरे वाढली त्याची बोली, त्याचा जातिभेद, यांचा मागमूस पुस्तकात मला तरी लागला नाही.

आणि जातिभेदाची गोष्ट निघालीच आहे तर एक योगायोग सांगतो. ज्या महिन्यांत शरणपूरचे तरुण तो देह खांद्यावर घेऊन चालत होते, त्याच महिन्यांत पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. प्रस्तावनेखाली १ जून १८७३ ही तारीख आहे, आणि अर्पणपत्रिका आहे ती अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस. पुण्यातला एक माळी आफ्रिकी गुलामाचे दुःख आपल्या दुःखाशी जोडून पाहत होता. दुसऱ्याच्या मुक्तीत आपल्या मुक्तीचा धडा शोधणे हा ऐक्यभावाचा अस्सल मराठी पाठ आहे, आणि तो आपल्याला रोमहून येण्याआधी पुण्याहून आलेला आहे.

आपण कॅथलिक वाचकांनी शरणपूर हा प्रोटेस्टंटांचा विषय म्हणून बाजूस सारू नये. एक तर आपले हात अधिक मळलेले आहेत. पाचवे निकोलस या पोपमहोदयांच्या १४५२ व १४५५ च्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला गुलाम करण्याची मोकळीक दिली. पोर्तुगीज गोव्यात मोझांबिककडून आणलेले आफ्रिकी गुलाम विकले जात, आणि धर्मसंस्थांच्या घरांतही ते राबत. कोकणीतला 'खाप्री' हा शब्द त्याच दिवसांची खूण आहे. सोळाव्या ग्रेगरींनी १८३९ साली या व्यापाराचा निषेध केला, तेराव्या लिओंनी १८८८ साली ब्राझीलच्या महागुरूंना पत्र लिहिले, त्याच वर्षी कार्डिनल लाव्हिजरी युरोपच्या राजधान्यांतून गुलामगिरीविरुद्ध बोलत हिंडले, आणि १८९० साली दरवर्षी प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला आफ्रिकेसाठी वर्गणी गोळा करावी असा आदेश निघाला. हा सारा पश्चात्तापाचा इतिहास खराच. पण पापाच्या मानाने तो उशिरा आला. दुसरे जॉन पॉल १९९२ साली सेनेगलजवळच्या गोरे बेटावरील गुलामांच्या कोठीत उभे राहिले तेव्हा त्यांनी क्षमा मागितली, आणि ती मागताना दोष ख्रिस्ती माणसांचा होता हे झाकले नाही.

दुसरे कारण बागामोयोचे आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर लिव्हिंग्स्टनचा देह ठेवला गेला तो कॅथलिक मिशनमध्ये. पवित्र आत्म्याच्या संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी १८६८ साली तेथे सोडवलेल्या गुलामांसाठी वस्ती उभारली होती, शरणपुरासारखीच. नाशिकच्या मुलांनी आणलेले ओझे कॅथलिक धर्मगुरूंच्या दारी उतरले. पुढे १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेत दफनविधी झाला, तेव्हा त्या तांड्यातला एकटा जेकब शवपेटीशी उभा होता. बाकीच्यांना मजुरी देऊन किनाऱ्यावरूनच निरोप देण्यात आला. पदके नंतर आली, तोवर माणसे पांगली होती.

याच पवित्र आत्म्याच्या संघाने, लाव्हिजरींनी स्थापिलेल्या 'आफ्रिकेचे मिशनरी' या संघाने आणि आफ्रिकन मिशन्स सोसायटीने मिळून १९८३ साली अमेरिकेत आफ्रिका फेथ अँड जस्टिस नेटवर्क ही संस्था काढली. कपडे आणि औषधे पाठवणे हे तिचे काम नव्हे. आफ्रिकेविषयी अमेरिकेचे धोरण काय आहे, शस्त्रे कोठून जातात, कर्ज आणि खनिजे यांचा सौदा कोणाच्या लाभाचा, हे वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधींना विचारण्यासाठी ती निघाली. शंभर वर्षे आफ्रिकेत राहून परतलेल्या मिशनरी संघांना उमगले की जखमेवर पट्टी बांधत राहण्यापेक्षा सुरी कोणाच्या हातात आहे ते पाहिले पाहिजे. २०२३ च्या जानेवारीअखेरीस किन्शासात पोप फ्रान्सिस यांनीही श्रीमंत जगाला आफ्रिकेचा गळा सोडण्यास बजावले ते याच अर्थाने. मात्र हे ऐकताना रुवांडा विसरता येत नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये आफ्रिकेची धर्मसभा भरली, त्याच आठवड्यांत बहुसंख्य कॅथलिक असलेल्या त्या देशात देवळांच्या आत आसऱ्याला आलेली माणसे कापली जात होती. २०१७ साली फ्रान्सिस यांनी त्याबद्दलही क्षमा मागितली.

कादंबरीकडे परत येतो. तिचे खरे सामर्थ्य हलिमेत आहेच. पण त्याहून अधिक ते आरंभीच्या एका खंतीत आहे. आपण वाहून नेलेल्या कागदांवरूनच पुढे गोऱ्यांना आपल्या मुलुखाच्या वाटा सापडल्या, अशी ही त्या सर्व वाहकांची खंत. गुलामांचा व्यापार बंद करण्यास ज्या नोंदींची मदत झाली त्याच नोंदींनी राज्ये घेणाऱ्यांना नकाशे पुरवले. उपकार आणि अपाय एकाच गाठोड्यात होते. हे लेखिका आक्रोश न करता सांगते, आणि मिशनच्या ऋणात वाढलेल्या आपल्यासारख्या समाजाने ते शांतपणे वाचावे अशी तिची योग्यता आहे. आपल्यालाही शाळा आणि नवी नावे एकाच हाताने मिळाली. जेकबचे जन्मनाव इतिहासाने राखले नाही. आपल्या पणजोबांपैकी कितीजणांचे राखले आहे?

आफ्रिका आपल्याला वाटते तेवढी दूर नाही. आपल्या तालुक्याची दक्षिणेकडील सीमा ओलांडून वेरूळच्या वाटेला लागले की खुलताबादला मलिक अंबरची कबर लागते. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६२६ साली वारला. तरीही दिल्ली, बेंगळुरू, नोएडा या शहरांत २०१६ आणि २०१७ साली आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हात टाकले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांत त्यांच्यासाठी विश्वासूजनांची प्रार्थना झाल्याचे मला आठवत नाही. तीन राजांच्या देखाव्यात काळ्या राजाचा पुतळा मात्र आपण दरवर्षी पुसून ठेवतो.

या पुस्तकाच्या मराठी अनुवादकापुढे एक अडचण पहिल्याच पानांत येईल. इंग्रजी कागदपत्रांत या तरुणांना सर्वत्र 'नासिक बॉइज' म्हटले आहे. त्यांतले कित्येक वयाने पुरते पुरुष होते. 'नाशिकची पोरे' म्हणावे तर मराठीत पोऱ्या म्हणजे हरकाम्या. 'नाशिकचे विद्यार्थी' म्हणावे तर खांद्यावरचे ओझे दिसत नाही. मी असतो तर सरळ 'नाशिककर' लिहिले असते, पंढरपूरकर किंवा वसईकर लिहितो तसे.