सह्याद्री धावला, तेव्हा तोफा थांबल्या होत्या

सोलापूरकराला चीन पहिल्यांदा भेटतो तो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेलेला हा तरुण जखमी चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारला. तेव्हा त्याचे वय ३२ होते. बरोबर वीस वर्षांनी त्याच देशाच्या सैन्याने आपली सीमा ओलांडली आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आमच्या शुक्रवार पेठेत या दोन्ही गोष्टी लहानपणी थोरांच्या तोंडून ऐकल्या. दुसरीचा शेवट ठरलेला असे : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला.

हे वाक्य मराठी मनाला इतके गोड वाटले, की त्यापुढे वाचण्याची गरजच उरली नाही. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे.

आधी तारखा पाहू. चीनचा मोठा हल्ला २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाला. यशवंतरावांनी शपथ घेतली २१ नोव्हेंबरला आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे सह्याद्री पोचला तेव्हा लढाई संपलेली होती. शिल्लक होता तो पराभव. त्यांच्या वाट्याला आले ते तलवार उपसण्याचे काम नव्हे. कोसळलेले घर पुन्हा उभारण्याचे होते. वीराची प्रतिमा उभी करताना आपण हा गवंडी विसरलो.

या गवंडीकामाचा हिशेब मांडता येतो. कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात अविश्वास माजला होता. यशवंतरावांनी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर रोज सकाळी बैठक घेण्याचा परिपाठ ठेवला. १९६४ ते १९६९ अशी देशाची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. तिच्यात सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी युद्धासाठी दहा डिव्हिजन आणि हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन अशी उद्दिष्टे होती. संरक्षण ही संकटाच्या वेळी करायची धावपळ नसून वर्षानुवर्षांची तरतूद आहे, हे त्यातून प्रथमच कागदावर आले.

शस्त्रांसाठी त्यांनी दोन्ही महासत्तांची दारे ठोठावली. १९६४च्या मे महिन्यात ते अमेरिकेत होते. तिथेच त्यांना नेहरूंच्या निधनाची बातमी कळली. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमाने भारताला दिली नाहीत. मग त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले. मिग विमानांचा जो कारखाना पुढे नाशिकजवळ ओझरला उभा राहिला, तो याच काळातला. अलिप्ततेचे धोरण सभेत मांडणे वेगळे आणि दोघांकडून हत्यारे मागताना ते सांभाळणे वेगळे.

कसोटी लागली १ सप्टेंबर १९६५ रोजी. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि हवाई दल वापरण्याची परवानगी यशवंतरावांनी काही मिनिटांत दिली. १९६२मध्ये आपली लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच गेली नव्हती, हे आठवले म्हणजे या मिनिटांचे मोल कळते. पण त्या संध्याकाळी आपण चार व्हँपायर विमाने गमावली. ती जुनाट होती. निर्णय बदलला होता. सामग्री अजून बदलायची होती.

आता दुसरी बाजू. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी केली. यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केले. त्यात प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्वव्यवस्था यांतले दोष मान्य केले. अहवाल मात्र खुला केला नाही. चौकशीचा रोखही सैन्याच्या कामगिरीपुरताच होता; राजकीय निर्णय तिच्या कक्षेबाहेर राहिले. सैन्याचे मनोबल आणि नेहरूंची प्रतिष्ठा दोन्ही सांभाळणे त्या घडीला शहाणपणाचे असेल. पण घडीचे शहाणपण कायमची सवय झाले. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा काही भाग जगासमोर ठेवला; सरकारने मात्र तो अजून प्रसिद्ध केलेला नाही. २०२०च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, तेव्हाही १९६२ची आठवण सगळ्यांनी काढली. अभ्यासायला कागद मात्र कुलपातच होता.

मराठी वाचकाची अडचण आणखी एक आहे. ‘कृष्णाकाठ’ १९४६पाशी थांबते. दिल्लीतल्या वर्षांचे आत्मकथन लिहायचे राहूनच गेले. १९६५च्या युद्धकाळातली यशवंतरावांची रोजनिशी त्यांचे सचिव राम प्रधान यांनी २००७मध्ये पुस्तकरूपाने आणली, ती इंग्रजीत. आपल्याकडचे गौरवग्रंथ याच जागी थबकतात आणि रिकामी जागा सह्याद्रीच्या रूपकाने भरून काढतात.

मी सैन्यतज्ज्ञ नाही, सोलापुरात बसून वाचणारा माणूस आहे. तरी एवढे कळते, की कोटणीसांची माया आणि सह्याद्रीचा अभिमान या दोन्ही भावना खऱ्या असल्या, तरी त्यांवर शेजारी राष्ट्राशी वागण्याचे धोरण उभे राहत नाही. ते उभे राहते तरतुदीवर, दोष कबूल करण्यावर आणि नागरिकांनी विचारलेल्या प्रश्नांवर. पहिल्या दोन गोष्टींना यशवंतरावांनी हात घातला. तिसरी आपल्यावर सोपवलेली होती; आपण मात्र साठ वर्षे एकच वाक्य म्हणत बसलो.