चकतीवर नाव नसलेली जागा

लेस पॉल गिटारच्या वरच्या खांद्यावर एक स्विच असतो. त्याच्याभोवती प्लास्टिकची गोल चकती असते आणि तिच्यावर दोनच शब्द कोरलेले असतात, 'रिदम' आणि 'ट्रेबल'. स्विच एकीकडे केला की मानेजवळचा पिकअप, म्हणजे तारांची हालचाल टिपणारा भाग, वाजतो, दुसरीकडे केला की ब्रिजजवळचा. मध्ये ठेवला तर दोन्ही एकदम वाजतात, पण त्या जागेला चकतीवर नाव नाही. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ सालच्या लेस पॉलचं सगळं वैभव या बिननावाच्या जागी आहे.

फ्लीटवुड मॅक या त्याच्या बँडचं १९६८ सालचं 'नीड युवर लव्ह सो बॅड' ऐका. मूळ गाणं लिटल विली जॉनचं, १९५५ सालचं. इथे गातो ग्रीन आणि गिटारही त्याचीच. लेस पॉल म्हटलं की कानाला सवय असते जाड, भरदार आवाजाची. या गाण्यातल्या गिटारचा खर्ज मात्र कुणी अलगद काढून घेतल्यासारखा वाटतो. सूर किंचित नाकातला, आतून पोकळ, पण त्याची कड स्वच्छ. आवाज बारीक झाला असला तरी दुबळा झालेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्रीन घाईने दुसऱ्या सुरावर जात नाही. एक सूर ओढून धरतो, त्याला हळू कंप देतो आणि सोडून देतो. व्हायोलिनांची साथ मिकी बेकरने बांधलेली आहे. ती मधल्या नि खालच्या पट्टीत पसरते, कारण गिटारने ती पट्टी मोकळी ठेवलेली आहे. भरदार आवाजाची लेस पॉल इथे असती, तर व्हायोलिनांशी तिची जागेवरून झटापट झाली असती.

खर्ज काढून घेतल्यासारखा वाटतो असं वर म्हटलं, ते अक्षरशः खरं आहे. तो या गिटारच्या आत वजा होतो.

लेस पॉलमधल्या पिकअपला हंबकर म्हणतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५च्या सुमारास तो तयार केला. साध्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरची एकच कॉइल असते. तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते, पण विजेच्या लाइनची घूंऽऽ अशी घुमीही तीच कॉइल पकडते. लव्हरने दोन कॉइली शेजारी ठेवल्या आणि त्या एकमेकींच्या उलट जोडल्या. त्यामुळे दोघींत आलेली घुमी एकमेकींतून वजा होते. तारेचा आवाजही वजा होऊ नये म्हणून दोन्ही कॉइलींच्या चुंबकाची टोकंही उलट ठेवली. दोनदा उलट झाल्यावर तारेचा आवाज सुलट होतो आणि बेरजेत जातो. कागदावर एका ओळीत मावेल अशी ही युक्ती, पण तिचा नेटकेपणा बघून अजूनही मन भरून येतं.

ग्रीनच्या गिटारमध्ये मानेजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता. एकटा वाजवला तर हा पिकअप अगदी निरोगी, कारण त्याच्या आतला हिशेब जमलेला आहे. पण चुंबक उलटा असल्याने त्याचा सिग्नल ब्रिजच्या पिकअपच्या उलट दिशेचा निघतो, म्हणून दोन पिकअप एकत्र आले की वजाबाकी सुरू होते. हे उलटणं कुणाच्या हातून झालं याच्या कथा पुष्कळ आहेत. मला त्यांत फारसा रस नाही. ग्रीनने हा पिकअप काढून फिरवून बसवला होता, त्यामुळे त्याच्या एका कॉइलवरच्या स्क्रूंची रांग ब्रिजकडे येते. आवाजाचं श्रेय बरीच वर्षं या फिरवण्यालाच दिलं जायचं. पण पिकअप नुसता फिरवल्याने फेज, म्हणजे सिग्नलची ही दिशा, बदलत नाही. कॉइल तीच राहते आणि तिचा चुंबकही तोच.

आता खर्जच का जातो आणि वरचा भाग का टिकतो? तार छेडली की ती एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलते. अख्ख्या लांबीने जी मोठी हालचाल होते, तिच्यातून मूळ स्वर निघतो. या हालचालीत दोन्ही पिकअपवरचे भाग एकाच वेळी एकाच दिशेला जातात, म्हणून उलट फेजमध्ये मूळ स्वराची काटछाट होते. उपस्वर निघतात ते तार छोट्या छोट्या तुकड्यांत हलते तेव्हा. तिथे एका पिकअपवरचा भाग वर जात असताना दुसऱ्यावरचा खाली येत असू शकतो, आणि उलट फेजमध्ये नेमके हे उपस्वर बळावतात. तंबोऱ्याची जवारी लावताना मूळ स्वरावर उपस्वरांची झळाळी कशी चढते, हे ज्याने ऐकलं असेल त्याच्या कानाला हा फरक लगेच उमगेल.

वजाबाकी पूर्ण होत नाही, कारण मानेजवळ तार जास्त हलते आणि ब्रिजजवळ कमी. काहीतरी उरतंच. किती उरू द्यायचं हे वाजवणाऱ्याच्या हातात असतं, कारण लेस पॉलला दोन पिकअपचे दोन वेगळे व्हॉल्यूम असतात. दोघांचं बळ सारखं झालं की आवाज अगदी पोकळ होतो. ब्रिजचा व्हॉल्यूम जरा उतरवला की मानेचा खर्ज हळूहळू परत येतो. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये एक व्हॉल्यूम थेट शून्यावर नेला तर मधल्या स्थितीत दोन्ही पिकअप गप्प होतात, म्हणून तिथवर जायचं नाही. बिघडलेल्या गिटारचा आवाज एका जागी अडकलेला असतो. ग्रीनच्या मधल्या जागेत मात्र पोकळपणापासून भरदारपणापर्यंत सगळा पल्ला आहे आणि तो करंगळीने फिरवता येतो.

दुरुस्तीच्या टेबलावर हाच आवाज तक्रार म्हणून येतो. नवा पिकअप बसवला, एकेकटे दोन्ही छान वाजतात, एकत्र केले की आवाज पातळ. मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजला तर दोन्हीकडे सात-आठ किलोओहम, म्हणजे ठीकच. रेझिस्टन्सला फेज दिसत नाही. एकच पिकअप एकटा असतानाही पातळ वाजत असेल, तर दोष त्याच्या दोन कॉइलींच्या आपसातल्या जोडणीत शोधावा. मधेच करकर होत असेल किंवा आवाज जात-येत असेल, तर आधी जॅक, स्विच आणि ड्राय सोल्डर पाहावं. पातळपणा फक्त मधल्या स्थितीत असेल, तरच हे फेजचं प्रकरण.

ते तपासायला गिटार उघडावीही लागत नाही. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबल लावायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला काट्याचा मीटर जोडायचा. स्क्रूड्रायव्हरचं पातं पिकअपच्या दोन्ही कॉइलींवर आडवं टेकवायचं. काटा एका बाजूला उसळी घेतो, पातं उचललं की दुसऱ्या बाजूला. दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला उसळायला हवा. विरुद्ध उसळला तर होकायंत्र आणून दोन्हीकडच्या स्क्रूंच्या रांगेवर धरायचं. सुईचं एकच टोक दोन्हीकडे ओढलं गेलं तर दोष जोडणीत, वेगवेगळी टोकं ओढली गेली तर चुंबकात. पिकअपला चार वायरी आणि वेगळी शील्ड असेल तर जोडणीचा दोष सोपा असतो. पिकअपमधून सिग्नलकडे आणि अर्थकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करायची, शील्ड अर्थवरच ठेवायची.

जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये आत एकच वायर असते आणि बाहेरची जाळी हाच अर्थ. ती जाळी पिकअपच्या धातूच्या झाकणालाही जोडलेली असते. अशा पिकअपच्या वायरी उलटवल्या तर झाकणच सिग्नलवर जातं आणि हात लागला की घुमी सुरू होते. म्हणून तिथे फेज उलटवायचा स्वच्छ मार्ग म्हणजे चुंबक काढून उलटा बसवणं. ग्रीनच्या गिटारमध्ये हेच झालेलं आहे, आणि म्हणूनच ती इतकी शांत राहून इतकी वेगळी वाजते.

ग्रीनकडून ही गिटार गिटारवादक गॅरी मूरकडे गेली. १९९५च्या 'ब्लूज फॉर ग्रीनी' या अल्बममध्ये मूरने तीच गिटार घेऊन 'नीड युवर लव्ह सो बॅड' वाजवलं. दोघांची वादनं पाठोपाठ ऐकावीत. मूरचा आघात जड, सूर ताणण्याची ओढ जास्त, आवाजाला तो वजन देतो. मला ग्रीनचं वाजवणं उजवं वाटतं, कारण उरलेल्या आवाजावर त्याचा विश्वास आहे. तो पोकळी भरून काढायला जात नाही.

गिटार आता मेटालिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. २०२३ साली गिब्सनने तिची आवृत्ती बाजारात आणली, मधल्या स्थितीतल्या उलट फेजसकट. ती कधी हाती आली तर स्विच मध्ये ठेवून दोन्ही व्हॉल्यूम दहावर न्यावेत, एक लांब सूर धरावा आणि तो वाजत असतानाच ब्रिजचा व्हॉल्यूम नऊवर, मग आठवर आणावा.