वाकड्या अंगणाची कथा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण घरात हसत हसत वापरतो. परंतु नाचणारा राज्यकर्ता असला आणि वाकडे ठरलेले अंगण परमुलखातले असले, म्हणजे हे हसणे फार महाग पडते. घरच्या अपयशाचे खापर बाहेरच्याच्या माथी फोडण्याची ही कला जॉर्ज ऑर्वेलने ‘अ‍ॅनिमल फार्म’ या छोट्या कादंबरीत जितकी बारकाईने रंगविली आहे, तितकी फार थोड्या लेखकांना साधली असेल. बिहारमधील मोतीहारीस १९०३ साली जन्मलेल्या या लेखकाचे हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. जनावरांची गोष्ट म्हणून मुलांनी वाचावे आणि मग वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हातून काढून घेऊन पुन्हा वाचावे, असे ते आहे.

जनावरे जोन्स या मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात. पुढे नेपोलियन नावाचा डुक्कर आपला प्रतिस्पर्धी स्नोबॉल याला कुत्री अंगावर सोडून पळवून लावतो. यानंतर स्नोबॉल पुस्तकात एकदाही प्रत्यक्ष दिसत नाही, आणि तरीही पानोपानी तोच मोठा होत जातो! पात्र रंगमंचावर न आणता त्याचे भय वाढवीत नेणे किती अवघड असते, हे लेखन करणारा जाणतो. वादळात पवनचक्की कोसळते, दोष स्नोबॉलचा. खिडकी फुटली, मोरी तुंबली, तरी तोच दोषी. कोठाराची किल्ली हरवते, तेव्हा ती त्यानेच विहिरीत टाकली असे ठरते. आणि पुढे ती पिठाच्या पोत्याखाली सापडली, तरी जनावरांचा समज बदलत नाही. हा किल्लीचा प्रसंग दोन-तीन ओळींचा आहे, पण माझ्या मते साऱ्या पुस्तकाचे मर्म त्यात आहे.

याहून मार्मिक गोष्ट म्हणजे हा शत्रू राहतो कोठे? नेपोलियनचा एका शेजाऱ्याशी सौदा जुळू लागला, की स्नोबॉल दुसऱ्या शेजाऱ्याच्या शेतावर दडला असल्याचे जाहीर होते. सौदा फिरला, की त्याचे बिऱ्हाडही फिरते. ट्रॉट्स्कीला १९२९ साली रशियातून हद्दपार केल्यावर १९३६ ते १९३८ च्या मॉस्को खटल्यांत त्याच्या नावाने परकीय कटाचे जे आरोप रचले गेले, त्यांची छाया येथे स्पष्ट आहे. कथेतही या गैरहजर शत्रूच्या नावाने अखेर गळे चिरले जातात ते घरच्याच जनावरांचे.

आणि पवनचक्की? भिंती फार पातळ होत्या म्हणून ती पडली, असे बाहेरची माणसे म्हणतात. जनावरांना ते पटत नाही. मात्र दुसऱ्या खेपेस भिंती दुप्पट जाड बांधायच्या, असे तीच ठरवतात! सत्य पुढच्या दाराने नाकारले, तरी ते मागच्या दाराने घरात येते.

इतके असूनही एका ठिकाणी ऑर्वेल मला अपुरा वाटतो. त्याची बहुतेक जनावरे फसतात ती मंदबुद्धीमुळे आणि विसराळूपणामुळे. माणसे मात्र शहाणी असून, सारे आठवत असूनही फसतात. अर्जेंटिनात लष्करी राजवट होती आणि एका वर्षात किमती दुपटीहून अधिक वाढल्या होत्या. ३० मार्च १९८२ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये कामगार रस्त्यावर उतरले. पोलिसांनी मोर्चा मोडला, शेकडो लोकांना पकडले. तिसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, सैन्य ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर उतरले आणि त्याच शहराच्या चौकात जयघोष झाला. तीन दिवसांत भाकरीचा भाव कोण विसरतो? पण ही बेटे १८३३ पासून ब्रिटनने बळकावली आहेत, ही सल तेथे घरोघरी खरी होती. जनरल गाल्तिएरीने गाऱ्हाणे नवे निर्माण केले नाही, असलेले वापरले. १४ जूनला शरणागती झाली, काही दिवसांत त्याची सत्ता गेली. पण अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक परतले नाहीत, आणि महागाई होती तेथेच राहिली.

म्हणून ‘परक्याचा दोष खोटा आहे’ एवढे म्हणून भागत नाही. पुष्कळदा तो थोडासा खरा असतो आणि तेच त्याचे बळ असते. दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन होते. कसलेला व्यापारी एका खात्याचे देणे दुसऱ्या खात्यावर टाकू देत नाही. शेजाऱ्याकडून येणे असेल तर ते अवश्य मागावे. पण तेवढ्याने घरच्या कारभाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही. शत्रूचे नाव मोठ्याने पुकारले जाईल, तेव्हा आदल्या दिवशी लोक काय विचारीत होते, ते आठवावे. किल्ली बहुधा पिठाच्या पोत्याखालीच असते.