पासवर्ड 'डेन्मार्क' : 'आइज वाइड शट' कसा वाचायचा

अकोल्याहून एकानं विचारलं आहे : स्टॅन्ली कुब्रिकच्या 'आइज वाइड शट'वर सिनॉप्सिस करता येईल का? आणि केला तर 'चित्रपटातील गुप्त संघटनांचे चित्रण' असा विषय ठेवू का? पेट पास झालाय, आरआरसीची तारीख जवळ आलीय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. त्यावर त्याचं म्हणणं असं की, "गुप्त संघटनाच त मेन हाय न भाऊ त्यात!" हे 'मेन हाय' वाटणंच मला या फिल्ममधली सगळ्यात अभ्यासण्यासारखी गोष्ट वाटते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कचा डॉक्टर बिल (टॉम क्रूझ), बायको अ‍ॅलिस (निकोल किडमन), एक लहान मुलगी. नाताळाचे दिवस. एका पार्टीनंतरच्या रात्री बेडरूममध्ये नवराबायकोचं भांडण होतं. बिल म्हणतो, मला तुझी खात्री आहे, कारण तू माझी बायको आहेस, माझ्या मुलीची आई आहेस. यावर अ‍ॅलिस हसत सुटते, अक्षरशः खाली बसून हसते. मग सांगते : मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर असताना एका नौदल अधिकाऱ्यानं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यानं बोलावलं असतं तर तुला, मुलीला, सगळं सोडून मी गेले असते. आणि त्याच दिवसांत तू मला कधी नव्हे इतका प्रिय वाटत होतास. प्रत्यक्षात काहीच घडलेलं नाही. तेवढ्यात फोन येतो, एक पेशंट वारलाय. बिल बाहेर पडतो आणि रात्रभर भटकत शेवटी एका बंगल्यात पोचतो. तिथे मुखवटे घातलेल्या बड्या लोकांचा गुप्त विधी चालू असतो. तो पकडला जातो, एक अनोळखी बाई स्वतःवर ओढवून घेऊन त्याला सोडवते. दुसऱ्या दिवशी एक तरुणी मेल्याची बातमी येते.

आता इंटरनेटवर शोधा. दहापैकी नऊ ठिकाणी बंगलाच सापडेल. कुब्रिक ७ मार्च १९९९ ला गेला, फिल्म त्याच वर्षी जुलैत आली. मग काय, त्यानं गुपित फोडलं म्हणून त्याला संपवलं इथपर्यंत लोकांनी मजल मारली. कट सांगणाऱ्या वाचनाची एक सोय असते : पुरावा मिळाला तर कट सिद्ध, नाही मिळाला तर लपवला म्हणून आणखीच सिद्ध. असं विधान वायवात टिकत नाही. तुमचं गृहीतक असं पाहिजे की फिल्ममधलं एखादं दृश्य उठून त्याला 'चूक' म्हणू शकेल.

झिग्लरचा प्रसंग घ्या. हा बिलचा श्रीमंत पेशंट, त्या विधीला हजर असलेला. शेवटाकडे बिलियर्डच्या टेबलाशी तो सांगतो की ते सगळं तुला घाबरवण्यासाठी रचलेलं नाटक होतं, आणि ती पोरगी नशेच्या अतिसेवनानं मेली. खरं बोलतो का? फिल्म ते तपासायला काहीच देत नाही. काही जण श्रेयनामावली दाखवतात : मेलेली मँडी आणि बंगल्यातली ती बाई यांच्या नावापुढे दोन वेगळ्या नट्या आहेत, म्हणजे झिग्लर खोटं बोलतो. धागा चांगला आहे, पण नट्या का वेगळ्या याची कारणं निर्मितीच्या सोयीतही असू शकतात. 'झिग्लर खोटारडा' आणि 'झिग्लर खरा' या दोन्हींवर तुम्ही दोनशे पानं लिहू शकता आणि दोन्ही सारखीच लटकती राहतील. जे तपासता येतं ते वेगळं आहे : बिलला ही गोष्ट मोठी असायला हवी आहे. का हवी आहे?

फिल्म १५९ मिनिटांची, त्यात बंगला विसेक मिनिटांचा. उरलेल्या वेळात पुन्हा पुन्हा काय दिसतं? निळसर कृष्णधवल तुकडे, अ‍ॅलिस आणि तो नौदल अधिकारी. टॅक्सीत बसला की दिसतात, रस्त्यानं चालला की दिसतात, आणि प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकलेले असतात. लक्षात घ्या, अ‍ॅलिसनं असं काही सांगितलेलंच नाही. तिनं एक नजर सांगितली, उरलेली चित्रं बिलनं काढली. हा पुरावा कुणीही रिमोट हातात घेऊन पाहू शकतो. बायकोच्या एका वाक्यानं त्याच्या डोक्यात चालू झालेली फिल्म त्याला बंद करता येत नाही, म्हणून तो बाहेर दुसरं, मोठं गुपित शोधतो. आणि बहुतेक प्रेक्षक, समीक्षक, आमचा अकोल्याचा मित्र, सगळे त्याच्या मागोमाग दाराबाहेर पडतात. अ‍ॅलिस बेडरूममध्ये एकटी राहते.

याला मूळ पुस्तकातून जो आधार मिळतो तो मला सगळ्यात पक्का वाटतो. ही फिल्म आर्थर श्निट्झलरच्या 'ट्राउमनोव्हेले' या १९२०च्या दशकातल्या जर्मन लघुकादंबरीवर आहे. शहर व्हिएन्ना, डॉक्टर फ्रिडोलिन, बायको अल्बर्टीन. (फ्रॉइड त्याच गावचा, आणि श्निट्झलरमध्ये आपलाच जोड दिसतो म्हणून भेटायला बिचकत होतो असं त्यानं १९२२ मध्ये त्याला पत्रात कळवलं होतं. मात्र तेवढ्या पत्रावर अख्खं मनोविश्लेषण उभारू नका, ते फार झालंय.) कादंबरीत अल्बर्टीनला तो तरुण दिसतो तो डेन्मार्कच्या समुद्रकाठी सुट्टीवर असताना. आणि गुप्त मेजवानीत शिरायचा पासवर्ड कोणता? 'डेन्मार्क'. त्या घरातल्या मुखवटेवाल्यांना या जोडप्याच्या सुट्टीशी काय घेणंदेणं? काहीच नाही. तरी बायकोच्या कबुलीतल्या शब्दानं ते दार उघडतं. कुब्रिकनं हा शब्द बदलून 'फिडेलिओ' केला. बीथोव्हनच्या त्या ऑपेरात बायको पुरुषवेष घेऊन नवऱ्याला तुरुंगातून सोडवते, आणि नावातच निष्ठा आहे. डेन्मार्क गेला, पण बंगल्याची किल्ली संसारातलीच राहिली. दोन पाठ शेजारी ठेवून केलेली अशी एक तुलना, त्रिकोण मोजत बसण्यापेक्षा जास्त देते.

बंद दाराआड काय चालतं याबद्दल आपल्याकडेही कमी बोललं गेलेलं नाही. मराठीत 'घटकंचुकी' हा शब्द आहे. बायकांच्या चोळ्या घटात टाकायच्या, पुरुषानं न पाहता एक काढायची, जिची चोळी ती त्या रात्रीची सोबतीण, असा अर्थ सांगतात. शाक्तांच्या नावावर, दुसऱ्या बाजीरावाच्या नावावर या कथा चिकटल्या. सांगणारा बहुतेक ऐकीवच सांगतो आणि फार रस घेऊन सांगतो. मला त्यात विधीपेक्षा सांगणाऱ्याची भीती जास्त ऐकू येते : आपली बायको चिठ्ठीसारखी निघू शकते ही.

आणि दाराआडून भलतंच निघाल्याचं उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातच आहे. रिद्धपूर. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी जमवल्या, त्या इथे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. बाहेरच्यांना वाचता येईना, तर बाहेरच्यांनी पंथाबद्दल नाही नाही ते पसरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्यांनी लिपी उलगडली, तेव्हा आत निघालं 'लीळाचरित्र' : प्रवास, जेवणखाण, प्रश्नोत्तरं, म्हणजे मराठी गद्याचा पायाच. फिल्मशी या पंथाचं काही नातं नाही. बाहेर उभा राहिलेला माणूस बंद दारावर स्वतःचंच काहीतरी रंगवतो, एवढ्यापुरतं हे आठवा.

आता माझ्या वाचनाला सगळ्यात जड जाणारी बाजू. टिम क्रायडरनं २००० मध्ये 'फिल्म क्वार्टर्ली'त लिहिलं की ही फिल्म कामवासनेची नाहीच, पैशाची आहे. लेखाचं नाव 'इंट्रोड्यूसिंग सोशिऑलॉजी', बिल ज्या वेश्येच्या खोलीत जातो तिथल्या पाठ्यपुस्तकावरून घेतलेलं. हा लेख मिळवून वाचाच, कारण तो पडद्यावरच्या वस्तूंवर उभा आहे. बिल जिथे जातो तिथे डॉक्टरचं कार्ड काढतो किंवा नोटा काढतो. काही न घडताही त्या मुलीला पैसे देतो. बड्यांच्या घरी मात्र तो वर बोलावून घेतलेला नोकरच. क्रायडरशी माझा वाद 'नाहीच' या शब्दापुरता आहे. 'तू माझी बायको आहेस म्हणून खात्री आहे' हे वाक्य मालकीचंच आहे, आणि अ‍ॅलिस हसते ती नेमकी त्यावर. पैसा आणि शय्या त्या एका वाक्यात भेटतात, मग त्यांना वेगवेगळ्या प्रकरणांत का कोंबायचं?

मराठीत याच्या शेजारी ठेवण्यासारखी फिल्म आहे : अमोल पालेकरांचा 'अनाहत' (२००३), सुरेंद्र वर्मांच्या हिंदी नाटकावरचा. सोनाली बेंद्रे, अनंत नाग, दीप्ती नवल. राज्याला वारस हवा, राजा असमर्थ, म्हणून दरबार राणी शीलवतीला नियोगाची आज्ञा देतो, एका रात्रीसाठी. इथे गुप्त काहीच नाही, सगळं धर्माच्या नावानं जाहीर. पण रात्र कुणाची? दोन्हीकडे नवऱ्याची. राजा महालात तळमळतो, बिल रस्त्यावर. दोघंही न दिसणारं डोळ्यांसमोर पाहत राहतात. फरक सकाळी पडतो. शीलवती परत येते ती आपल्याला काय मिळालं हे सगळ्यांसमोर बोलत. राणी दरबारात बोलू शकते ते न्यूयॉर्कची शिकलेली बाई बेडरूममध्ये, तेही नशा केल्यावर बोलते. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी हे सोडू नये.

एक व्यवहारातली गोष्ट. तुम्ही कोणती प्रत पाहताय ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. अमेरिकेत रेटिंगसाठी बंगल्यातल्या दृश्यांवर डिजिटल आकृत्या बसवून आड केलेली प्रत निघाली, दुसरीकडे तशीच दाखवली. विधीच्या संगीतात आधी गीतेच्या चौथ्या अध्यायातला श्लोक होता. अमेरिकेतल्या हिंदू संघटनेनं १९९९ मध्ये आक्षेप घेतला आणि नंतरच्या प्रतींत तो बदलला गेला. त्याच संगीतात रुमानियन प्रार्थना उलटी वाजवलेली आहे. म्हणजे 'विधीत काय ऐकू येतं' या साध्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा प्रतीनुसार बदलतं.

आता विषयाचं नाव. मी असं सुचवेन : 'पत्नीच्या इच्छेचे उच्चारण आणि पतीची कल्पना : आइज वाइड शट व अनाहत'. मला माहीत आहे अडचण कुठे आहे. समितीसमोर 'गुप्त संघटना' बिनधास्त म्हणता येतं, 'पत्नीची इच्छा' म्हणताना जीभ अडखळते, आणि गाईडही म्हणतील की शब्द जरा सौम्य करा. करा सौम्य, पण प्रश्न बदलू नका. कोणी विचारलंच की याला फिल्ममध्ये आधार काय, तर एक जागा दाखवा. बिल घरी येतो तर उशीवर, झोपलेल्या अ‍ॅलिसच्या शेजारी, त्याचा हरवलेला मुखवटा. कादंबरीत तो बायकोनं ठेवल्याचं कळतं, कुब्रिक काहीच सांगत नाही. बिल कोसळतो, रडतो, सगळं सांगतो म्हणतो. आणि तिथे कट. थेट सकाळ, अ‍ॅलिसचे सुजलेले लाल डोळे, हातात सिगारेट. बंगला, मुखवटे, मेलेली पोरगी, ज्यावर हजार व्हिडिओ निघाले ते सगळं बिलनं बायकोला सांगितलं, आणि त्यातला एक शब्दही कुब्रिकनं आपल्याला ऐकवला नाही. पुढचा प्रसंग खेळण्यांच्या दुकानातला. मुलगी खेळणी बघत हिंडते आणि बिल विचारतो, आता आपण काय करायचं? उत्तर अ‍ॅलिस देते, आणि फिल्मचा शेवटचा शब्द तिचा आहे.