दारिद्र्याचे कारण कथेत कोठे असते?

गरीब माणूस आळशी वा लोभी असतो म्हणून गरीब राहतो, हा रूढ समज दारिद्र्याचे कारण दरिद्री माणसाच्या स्वभावात शोधतो. प्रेमचंदांची ‘कफन’ आणि अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’ या कथा एकत्र वाचल्या असता हा समज तपासून पाहता येतो.

‘कफन’मधील घीसू एक दिवस काम करतो आणि तीन दिवस आराम. सुनेच्या कफनासाठी जमलेले पाच रुपये तो आणि त्याचा मुलगा माधव खाण्यापिण्यात उडवतात. याउलट अण्णा भाऊंचा भीमा कष्टाळू आहे. वारणाकाठ सोडून तो मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते, तेव्हा त्याचे हात चितेच्या राखेकडे आणि पुढे पुरलेल्या प्रेतांकडे वळतात. स्वभाव भिन्न असूनही गत एकच: जगणे मृताच्या वाट्यावर येते.

प्रेमचंदांचा निवेदक कारण सांगतो: रात्रंदिवस राबणाऱ्यांची स्थितीही या बापलेकांहून फारशी बरी नव्हती. परंतु ते कारण भाष्यातच राहते. वाचकाच्या स्मरणात आळस उरतो आणि पात्रांची जात उच्चारलेली असल्याने तो जातीला चिकटतो. दलित समीक्षकांच्या आक्षेपाला येथे आधार मिळतो.

भीमाला सोन्याची ओढ लागते, हे अण्णा भाऊ लपवीत नाहीत. तथापि तो बोटे गमावतो आणि लगोलग खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. या एका घटनेने लोभ हे मूळ कारण ठरत नाही. साचा मोडण्यास लेखकाची सहानुभूती पुरेशी नसते. कारणाला कथानकात स्थान द्यावे लागते.