मुक्त संगणकप्रणालींच्या मार्गदर्शिका आणि मराठी वाचकाचा अभिप्राय : एक चिकित्सा

मुक्त स्रोत संगणकप्रणालीसोबत येणारी मार्गदर्शिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे मराठीत सहसा मानले जात नाही. वास्तविक या लेखनात वाचकाला दुरुस्तीचा हक्कच दिलेला असतो. ग्नू प्रकल्पाने २००० साली अशा मार्गदर्शिकांसाठी स्वतंत्र मुक्त परवाना प्रसिद्ध केला. त्यातील अटी पाळून कोणीही मजकूर बदलू शकतो व पुन्हा वितरित करू शकतो. परंतु ज्याला मजकूर कळलाच नाही, त्याने तो दुरुस्त कसा करावा? अभिप्राय गोळा करण्याच्या रूढ पद्धती नेमक्या याच वाचकापर्यंत पोहोचत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पानाच्या तळाशी 'हे पान उपयुक्त वाटले का?' असे विचारणे ही सर्वांत सोपी पद्धत. तिच्यातून आकडे मिळतात, अडलेले वाक्य सापडत नाही. मोकळेपणाने लिहू दिले तरी प्रश्न सुटत नाही. इंग्रजी विकिपीडियाने २०१० पासून वाचकांचा अभिप्राय घेण्याचे साधन अजमावले व पुढे त्यात टिप्पणीची सोयही केली. तथापि निरुपयोगी मजकूर वेगळा करण्याचा भार संपादकांवर पडू लागला आणि २०१४ मध्ये ते बंद झाले. दोषनोंदणीची पद्धत अधिक नेमकी आहे. मात्र लिबरऑफिसचा मराठी पडदा वापरणाऱ्यासही तक्रार करायची तर खाते उघडून इंग्रजीत लिहावे लागते. जो इंग्रजीत अडला, त्याने आपली अडचण इंग्रजीत मांडावी, ही अपेक्षा चमत्कारिकच म्हणावी लागेल.

परळ येथील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काही दिवस विद्यार्थ्यांच्या मागे बसून पाहण्याची संधी मिळाली. बहुतेक मुले लालबाग-परळच्या चाळींतून आलेली, मराठी माध्यमाची. लिनक्सच्या मार्गदर्शिकेतील पहिलीच सूचना होती, 'टर्मिनल उघडा'. एक विद्यार्थिनी तेथेच थांबली. गाड्या सुटतात ते टर्मिनस तिच्या रोजच्या परिचयाचे. ते 'उघडायचे' कसे? तिने शिक्षकांना विचारले नाही, शेजारच्या मैत्रिणीला विचारले. मैत्रिणीने बोट दाखवले आणि काम पुढे सरकले. तासाच्या शेवटी 'मजकूर समजला का?' असा छापील तक्ता वाटला, तेव्हा सर्वांनी 'होय' वर खूण केली. यात लबाडी नाही. वर्गात 'नाही' म्हणणे म्हणजे स्वतःचे उणेपण कबूल करणे, शिवाय सरांच्या शिकवण्यावर शेरा मारणे. खरा अभिप्राय बाकावरच्या कुजबुजीत होता आणि तो कोणीही टिपून घेतला नव्हता.

या दृष्टीने मुंबईतीलच एक प्रयत्न विशेष लक्षणीय वाटतो. पवई येथील आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मुक्त प्रणाली शिकविणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ तेथे तयार होतात. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. संहितेप्रमाणे प्रत्यक्ष करून पाहताना तो जेथे थांबतो, तेथे लेखक चुकला असे मानले जाते. अज्ञानाला परीक्षकाचा मान देणारी ही रीत आपल्या पाठ्यपुस्तकांनीही उचलावी अशी आहे. पाठ ऐकणाऱ्यास आपण कोणत्या मिनिटाला व कोणत्या सेकंदाला अडलो, हे प्रश्नासोबत नोंदविता येते. 'समजले नाही' या मोघम वाक्याला त्यामुळे ठिकाण मिळते.

तरीही मराठी श्रोत्याच्या बाजूने एक आक्षेप उरतोच. मूळ संहिता इंग्रजी असते आणि अनुवाद मागाहून होतो. आवाज मराठी झाला तरी पडद्यावरील चित्र इंग्रजीच राहते. ज्याने लिबरऑफिसचा पडदा मराठी करून घेतला आहे, त्याला पाठात 'सेव्ह' दिसते, स्वतःच्या पडद्यावर 'साठवा'. नवशिक्याची मूळ तपासणी ही ठेच पकडू शकत नाही, कारण ती मराठीत येतानाच निर्माण झालेली असते. अनुवादित पाठासाठी मराठी नवशिक्या पुन्हा बसविला पाहिजे, आणि त्याचा पडदाही मराठी हवा. खर्च वाढेल, हे मान्य. पण त्याशिवाय मराठीकरण हे अनुवादकाच्या समाधानापुरतेच राहण्याचा धोका आहे.

गिरगाव-दादरच्या जुन्या ग्रंथालयांतील पुस्तकांत, नियम मोडून, वाचकांनी समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आढळतात. कोठे सनावळी सुधारलेली, कोठे नुसते प्रश्नचिन्ह. ग्रंथपालाला त्या खपत नाहीत. अभ्यासकाला त्यांतून वाचक कोठे थबकला ते कळते. परळच्या त्या प्रयोगशाळेत नंतर हाच प्रयोग केला. मार्गदर्शिकेचे प्रकरण रुंद समास सोडून छापले, पेन्सिली दिल्या, नाव लिहू नका असे सांगितले आणि 'समजले का?' हा प्रश्न गाळला. परत आलेल्या प्रतींपैकी अनेकींत 'टर्मिनल' या शब्दाभोवती वर्तुळ होते. एकीत त्यापुढे मराठीत लिहिले होते : 'हे कुठे असते?' ते वाक्य इंग्रजीत करून प्रणालीच्या दोषनोंदणीत पाठविण्याचे काम शिक्षकाने केले.